पिण्याच्या पाण्यासाठी माठ, तांब्याचे पिंप की स्टीलचे?

उन्हाळ्याआधी पाण्याचे भांडे घ्यायला निघालेले बहुतेक जण दुकानात भांड्याला हात लावून निर्णय घेतात आणि नेमका हा हातच फसवतो. आमच्या ओट्यावर ही तिन्ही भांडी रात्रभर रिकामी आणि कोरडी ठेवली होती. सकाळी तिन्हींचे तापमान खोलीइतकेच असणार, तरीही तांबे गारेगार लागले, स्टील त्याहून कमी, तर माठ जवळजवळ कोमट वाटला. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे 25 पट असल्यामुळे ते बोटांची ऊब झटकन ओढून घेते, एवढाच त्याचा अर्थ आहे. दुपारपर्यंत दोन्ही धातूंच्या भांड्यांतले पाणी खोलीच्या तापमानाला आलेले असते.

पाणी खरोखर गार करतो तो माठच, आणि तोही त्याच्या सच्छिद्रपणामुळे. भाजलेल्या मातीतून पाझरलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावरून उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. दहा लिटरच्या माठातून 100 ग्रॅम पाणी उडाले आणि बाहेरून उष्णता अजिबात आत आली नाही असे धरले, तर उरलेले पाणी साधारण पाच-सहा अंशांनी उतरते. पुण्यातील एप्रिलची दुपार कडक तापते, पण हवा कोरडी असते, म्हणून येथे माठ मुंबईपेक्षा चांगले काम करतो. मात्र त्याला वारा हवा. आम्ही एक वर्ष तो बंद खिडकीच्या कोपऱ्यात ठेवला आणि कुंभाराला उगाच दोष दिला. तिवईवर, उघड्या खिडकीशी नेल्यावर तोच माठ सुधारला. बाहेरून ऑइल पेंटने रंगवलेला माठ दिसायला देखणा असला तरी रंगाने छिद्रे बुजतात, तेव्हा तो घेऊ नये. बोअरचे जड पाणी भरल्यासही काही महिन्यांत पांढरा खार धरतो आणि गारवा कमी होतो. घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावे: खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असे समजावे. तोटी बसवलेला माठ असेल, तर छिद्राभोवतीची जागा सर्वांत नाजूक असते.

तांब्याचा कल वेगळा आहे. कसबा पेठेतील तांबट आळीत मिळणाऱ्या भांड्यांवरील ठोक्यांच्या खुणा केवळ नक्षी नसतात. मठारल्यामुळे, म्हणजे हातोडीने ठोकल्यामुळे, मुळात मऊ असलेला पत्रा कडक होतो आणि त्याला सहज पोचे पडत नाहीत. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातील काही जंतू मरतात हे खरे, पण गाळण्या-उकळण्याला तो पर्याय नव्हे. भांडे काळवंडते आणि ओल साचलेल्या जागी हिरवट कळंक धरते. चिंच-मिठाने ते उजळते, कारण आंबट पदार्थ तो थर विरघळवतो. याच कारणासाठी कल्हई नसलेल्या तांब्यात ताक किंवा सरबत ठेवू नये. आठवड्याला घासण्याची तयारी नसेल, तर मोठे पिंप घेण्यापेक्षा एक कळशी पुरे.

स्टीलविषयी फार सांगण्यासारखे नाही, आणि तोच त्याचा गुण आहे: ते पाझरत नाही, पडले तर फुटत नाही, आणि क्रोमियममुळे पृष्ठभागावर तयार होणारा अदृश्य थर त्याला गंजू देत नाही. विक्रेता लोहचुंबक लावून दाखवतो; तो चिकटला नाही म्हणजे भांड्यांसाठी चांगल्या मानल्या जाणाऱ्या 304 प्रतीचेच स्टील आहे, असे मात्र सिद्ध होत नाही, कारण हलक्या 200 मालिकेच्या स्टीललाही तो सहसा चिकटत नाही.

चार माणसांच्या घरासाठी मी साठवणीला स्टीलचे पिंप आणि मार्च ते मे पिण्यासाठी माठ, अशी जोडी सुचवेन. जूनच्या मध्यानंतर हवा दमट झाली की माठाची बाहेरची ओल उडतच नाही आणि पाणी जेमतेम गार होते, तेव्हा तो रिकामा करून, दोन दिवस उन्हाची तिरीप मिळेल तेथे वाळवून माळ्यावर ठेवावा.