कार्डावरचे आठ बाण आणि माझे ६,१९,२२० रुपये

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे निम्मी लाज इथेच बाहेर पडेल. ६,१९,२२० रुपये, फसून घेतलेल्या एका हिऱ्याच्या अंगठीचे. त्यात हिऱ्याचे ५,७२,०००, अठरा कॅरेट सोन्याच्या ३.८४० ग्रॅमचे २२,२७२, घडणावळ ६,९१२ आणि वर तीन टक्के जीएसटी. पावती पक्की आहे, पैसे चेकने दिलेत, काळ्या-पांढऱ्याची भानगड नाही. सगळं इतकं कायदेशीर आहे, की म्हणूनच आज कुणी दारात उभं करत नाही.

दुसरी लाज यापेक्षा मोठी आहे. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दहावीला प्रकाशाचं अपवर्तन. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, क्रांतिक कोन साधारण २४.४ अंश, त्याहून मोठ्या कोनात आतल्या पृष्ठभागावर पडलेला किरण बाहेर न जाता आतच परततो, हे मी रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवलंय. ‘शास्त्रीय कारण लिहा: हिरा चमकतो’ हा प्रश्न किती पेपरांत घातला असेल, मोजदाद नाही. आणि त्याच विषयात मी नापास झाले.

मे २०२४ मध्ये निवृत्त झाले. हातात रक्कम आली. फेब्रुवारीत लेकीचं लग्न. हे म्हणत होते, सोनं घे, मोडलं तरी भाव येतो. माझ्याच डोक्यात हिरा. मी काही डोळे झाकून गेले नव्हते. महिनाभर वाचलं होतं. रंग, स्वच्छता या गोष्टी निसर्ग देतो, कट (म्हणजे पैलू कुठल्या कोनांत, कुठल्या प्रमाणात पाडलेत ते) तेवढा माणसाच्या हातात असतो आणि चमक त्यावर ठरते, हे मला ठाऊक होतं. हिरे पाडणाऱ्या घराण्यातल्या टोल्कोव्स्की या अभियंत्यानं १९१९मध्ये गणित मांडून दिलेले कोन माझ्या वहीत लिहिलेले होते: वरचा क्राउन ३४.५, खालचा पॅव्हिलियन ४०.७५, टेबल (माथ्यावरचा सपाट पैलू) रुंदीच्या ५३ टक्के. वही पर्समध्ये होती. पर्स मांडीवर होती. ती उघडली मात्र नाही.

डिसेंबरातला शनिवार. दुकान आमच्याच शहरातलं, नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. तिथला मुलगा गोड. आधी ‘मॅडम’, चहा आल्यावर ‘काकू’. त्यानं १.०१ कॅरेटचे दोन हिरे समोर ठेवले, दोन्ही ‘जी’ या रंगश्रेणीचे, दोन्ही व्हीएस-२ या स्वच्छतेच्या श्रेणीचे. एक ४,६०,०००. दुसरा ५,७२,०००. फरक फक्त कटचा, म्हणाला. हा ‘हार्ट्स अँड ॲरोज’ (आत बदाम आणि बाणांची नक्षी दिसणारा), सुपर आयडियल, ‘अमेरिकेच्या एजीएसची झिरो ग्रेड’. म्हणजे १,१२,००० रुपये मी निव्वळ कटसाठी जास्त मोजले. रंगासाठी नाही, वजनासाठी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे हाच मुद्दा एकाही टेबलावर कुणाच्या डोक्यात शिरला नाही.

(एजीएस म्हणजे अमेरिकन जेम सोसायटी. तिच्या प्रयोगशाळेची शून्य ते दहा अशी श्रेणी खरोखर होती आणि शून्य म्हणजे सर्वोत्तम, हेही खरं. पण ती प्रयोगशाळा २०२२च्या अखेरीस बंद झाली आणि तिचं काम जीआयए या हिरे तपासणाऱ्या दुसऱ्या अमेरिकी संस्थेकडे गेलं. म्हणजे मला दोन वर्षांपूर्वी कुलूप लागलेल्या शाळेचा दाखला ऐकवला जात होता. कुठल्या कागदावर ती ग्रेड छापलीय, एवढं जरी विचारलं असतं!)

मग यंत्र. काळी पेटी, आत पांढरे दिवे, शेजारी पडदा. हिरा आत ठेवला की पडद्यावर ‘लाइट परफॉर्मन्स’ म्हणून टक्के उमटतात. माझा ९८.६. मी हौसेनं आणखी दोन ठेवायला लावले. ९८.२ आणि ९७.९. आता बघा, एकतीस वर्षं पेपर तपासलेली बाई मी. अख्ख्या वर्गाला ९७च्या वर मार्क पडले, तर पहिला संशय कुणावर घ्यायचा? मला तेव्हा वाटलं, दुकान किती चोखंदळ आहे! कुठल्याही यंत्रानं कटचा एकच आकडा दिला तर त्याला विचारा, नापास झालेला हिरा दाखव.

पण जो क्षण मला रात्री झोपू देत नाही, तो यानंतरचा. त्यानं लाल नळकांडं काढलं. आयडियलस्कोप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आतून लाल, मधे बघायला भोक, खालून पांढरा उजेड. जिथून प्रकाश डोळ्याकडे परत येतो तिथं हिरा लाल दिसतो, आपल्याच डोक्याची सावली काळी दिसते, आणि जिथून प्रकाश गळून खाली जातो तिथं पांढरा, फिकट. मी डोळा लावला. आठ काळे बाण दिसले, अगदी चांदणीसारखे. आणि टेबलाच्या कडेच्या आत, बाणांच्या मधल्या जागांतून, एक फिकट गुलाबी कडं. वाटीच्या काठाला ताकाचा ओघळ राहावा तसं, गोल, पुरं.

मी विचारलंसुद्धा. “हे फिकट काय आहे रे?”

“ते टेबलचं रिफ्लेक्शन, काकू. वरच्या लाइटचं.”

मी मान डोलावली. नळकांड्यात वरचा लाइट येतोच कुठून? मीच तर भोकाला डोळा चिकटवून बसले होते, माझ्याच डोक्यानं तो अडवला होता! हे मला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, सहा आठवड्यांनी सुचलं. ते कडं म्हणजे गळती होती. क्राउन आणि पॅव्हिलियन दोन्ही जास्त तिरके असले की नेमकं टेबलाच्या कडेखाली असं कडं दिसतं. काही किरण पहिल्या भिंतीवरून परततात, पण समोरच्या भिंतीवर क्रांतिक कोनापेक्षा कमी कोनात आपटतात आणि निघून जातात. नुसतं मीठ-हळद नाही, अख्खी पाककृती मला पाठ होती. त्या पोराला तरी ते कडं काय आहे हे माहीत होतं की नाही, देव जाणे. मला माहीत होतं.

बाण दाखवले की भुलू नका. बाण बऱ्याच बऱ्यापैकी हिऱ्यांत दिसतात. हिरा उलटा करून आठ बदाम सारखे दिसतात का, ते बघायचं. मला कुणी उलटा करून दाखवला नाही आणि मी मागितलं नाही.

आठ दिवसांनी अंगठी आली. सोबत प्रयोगशाळेचा रिपोर्ट (‘कट: आयडियल’) आणि दुकानाचं चकचकीत कार्ड, त्यावर लाल स्कोपमधला माझ्या हिऱ्याचा फोटो. फोटो निर्दोष. कडं नाही. मी स्वतःशीच म्हटलं, बघ, रिफ्लेक्शनच होतं. उगाच संशयी झालीस. एवढंच नाही, नणंदेलाही मीच तिकडे पाठवलं. तिनं ०.७२ कॅरेटचं पेंडंट घेतलं, २,९४,३०० रुपयांचं. माझ्या शब्दावर.

जानेवारीत लेकीच्या केळवणाला नणंदेनं कौतुकानं तिचं कार्ड आणलं. जेवणं झाल्यावर दोन्ही कार्डं मी शेजारी ठेवली. माझ्या फोटोत दोनच्या काट्यावरच्या बाणाच्या टोकाशी धुळीचा एक कण आहे, त्याला चिकटलेला केसाएवढा तंतू. मी तो आधीही पाहिला होता, म्हटलं असेल कचरा. नणंदेच्या कार्डावर दोनच्या काट्यावरच्या बाणाशी तोच कण. तोच तंतू, तसाच डावीकडे वळलेला. दोन वेगळी वजनं, दोन वेगळ्या तारखा, एकच फोटो. ताटातली जिलबी तशीच राहिली.

मग मी रिपोर्ट पहिल्यांदा नीट वाचला. क्राउन आणि पॅव्हिलियनचे कोन त्यात दिलेलेच नव्हते. पण मागच्या बाजूला बारीक अक्षरात मापं होती: ६.२७ ते ६.२९ गुणिले ४.०६ मिलिमीटर, खोली ६४.७ टक्के. सगळं छापलेलं होतं हो! चांगल्या कटचा एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरच्या आसपास दिसायला हवा. माझा तोंडानं लहान आणि पोटानं मोठा. वजन खाली दडवलेलं.

झवेरी बाजारात एका जुन्या कारागिराकडे गेले. मूळचा सुरतेकडचा, आयुष्य घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, गेलेलं. आठशे रुपये घेऊन त्यानं हिरा कोंदणातून काढला, चिमट्यात धरून खिडकीशी नेला, दोन श्वासांत परत ठेवला. “तळिया खोल आहे बेन. वजन वाचवलंय.” मग समजावलं: हाच हिरा एवढ्याच रुंदीवर नीट पाडला असता तर ९३ सेंटच्या (०.९३ कॅरेटच्या) आसपास उतरला असता. एक कॅरेटच्या खाली गेला की भाव धाडकन पडतो, म्हणून कच्च्या मालातून एकाचा आकडा गाठायला तळ खोल ठेवतात. यात गुन्हा नाही, असा हिरा स्वस्तात विकला तर. मला तो १,१२,००० जास्त लावून विकला.

दुसऱ्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत ५,३१० रुपये भरून तपासला. क्राउन ३६.५, पॅव्हिलियन ४१.८, कट ‘गुड’. ऐकायला बरं वाटतं ना? एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. पाचातला तिसरा. आमच्या शाळेच्या भाषेत काठावर पास.

आणि एक ऐकून ठेवा, मधेच आठवलं म्हणून. जीआयए कटची ग्रेड देते ती २००६पासून, आणि वर्षानुवर्षं फक्त गोल ब्रिलियंटलाच दिली आहे. कुणी कुशन किंवा पेअर आकाराचा हिरा दाखवून ‘जीआयए ट्रिपल एक्सलंट’ (कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही सर्वोत्तम) म्हणालं, तर कटची ओळ कुठे छापलीय ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

दुकानात गेले. मालक बाहेर आले, पंख्याखाली बसवलं. “ताई, यंत्राचा आकडा इंडिकेटिव्ह असतो. फोटो रिप्रेझेंटेटिव्ह असतो.” प्रातिनिधिक! म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नात दुसऱ्याच मुलीचा फोटो लावायचा? परत घेतो म्हणाले, ऐंशी टक्क्यांनी, ४,५७,६००, तेही रोख नाही, त्यांच्याच दुकानातला दुसरा दागिना घेतला तर. घडणावळ गेली, जीएसटी गेला.

रिपोर्ट देणाऱ्या प्रयोगशाळेला फोन. “मॅडम, रिपोर्ट म्हणजे आमचं मत आहे, हमी नाही. मागे छापलंय.” छापलंय खरंच. माझ्या नशिबात सगळं मागेच छापलेलं.

पोलीस चौकी. हवालदारांनी कार्डं उलटसुलट केली. “काकू, हिरा खरा आहे ना?” खरा आहे. “मग फसवणूक कुठे झाली? दिवाणी बाब आहे ही.” दोन कार्डांवरचा एकच फोटो दाखवला तर म्हणाले, दोन्ही हिरे सारखेच दिसत असतील. धुळीच्या कणासकट? त्यावर ते दुसऱ्या माणसाशी बोलायला लागले.

वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत तीन चकरा. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा लेखी द्या. तिसऱ्यांदा हिरा काट्यावर ठेवला. १.०१ कॅरेट, म्हणजे ०.२०२ ग्रॅम. “वजन बरोबर आहे बाई, आनंदानं घरी जा.” अंगठीच्या आत हॉलमार्क आहे, सहा अक्षरा-आकड्यांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) आहे, तो मोबाइलच्या ॲपवर टाकला की २२,२७२ रुपयांच्या सोन्याची शुद्धता समोर येते. ५,७२,०००च्या हिऱ्याच्या कटबद्दल विचारायला या देशात एक खिडकी मला सापडलेली नाही. ज्याच्या-त्याच्या टेबलावर वजन खरं, सोनं खरं, हिरा खरा, पावती खरी. खोटी तेवढी मी.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. व्यवहार पाच ते दहा लाखांतला, म्हणून फी फक्त २०० रुपये, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. इथवर छान. पहिल्या तारखेला समोरचा वकील आला नाही. दुसऱ्या तारखेला त्यांनी उत्तराला वेळ मागितला. तिसऱ्या तारखेला, कट चांगला की वाईट ही चवीची बाब आहे, असा त्यांचा लेखी जबाब. चवीची! मग चवीचे १,१२,००० का घेतले?

लोक आता शहाणपणा शिकवतात, तुला कळायला हवं होतं. कळायलाच हवं होतं. पण मी स्वस्ताच्या मोहानं गेले नव्हते, महाग दिला तोच घेतला. दुकानाच्या दिव्यांखाली कुठलाही हिरा नाचतो. तो उचलून खिडकीशी, टेबलाखाली, झाडाच्या सावलीत न्या. नेऊ देत नसतील तर चहा संपवून उठा. कोन छापलेले नसलेला कागद घेऊ नका, भले वर ‘आयडियल’ लिहिलेलं असो. लूप (भिंग) मागून हिऱ्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला रिपोर्टचा नंबर स्वतः वाचा. माझा नंबर जुळत होता म्हणा, त्यानंही मला काही वाचवलं नाही.

लेकीनं लग्नात तिच्या आजीची जुनी अंगठी घातली. हिरा सील केलेल्या पाकिटात आहे, पुरावा म्हणून. नणंदेनं अजून तक्रार केलेली नाही. तिला घरचं भांडण चारचौघांत नको आहे, आणि फोनवर ती आता फक्त ह्यांच्याशी बोलते. तिचं कार्ड मात्र तिनं मला दिलंय.

तुमच्यापैकी कुणाकडे असं लाल फोटोचं कार्ड असेल तर आत्ता काढून बघा. दोनच्या काट्यावरच्या बाणाशी धुळीचा कण आणि डावीकडे वळलेला तंतू दिसला, तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, पावती त्याच्यासोबत ठेवा. दुकानातून फोन येईल, कार्ड आणून द्या, नवीन छापून देतो. मला दोनदा आला. देऊ नका.