सात महिने आणि तीनशे रन: एका अठरा-प्लस रोगलाइकचा अनुभव

रोगलाइक म्हणजे दर वेळी नव्याने रचल्या जाणाऱ्या डंजनमध्ये, म्हणजे भुयारी मजल्यांत, लढत जायचा गेम; मेलं की पहिल्यापासून, आणि अशा एका डावाला रन म्हणतात. हा गेम मी कशासाठी घेतला हे लपवण्यात अर्थ नाही. अठरा-प्लसचा शिक्का होता, चित्रं झकास होती. ते आकर्षण तीन आठवड्यांत ओसरलं. गॅलरी भरली, विषय संपला. तरी सात महिन्यांनी अजून खेळतोय, कारण डंजन पक्कं आहे.

सगळ्यात आवडली ती मोहाची पट्टी. हेल्थच्या शेजारीच असते. ती चढत जाते तसा वार जोरात बसतो, पण नेम चुकायला लागतो. काठोकाठ भरली की एक चाल हातची जाते. म्हणजे प्रौढ विषय वरून चिकटवलेला नाही, डावपेचांतच मुरलाय.

एकदा सहाव्या मजल्यावर हेल्थ उरली दोन, पट्टी जवळजवळ भरलेली, समोर राक्षसीण. पिशवीत हिरवी बाटली. आधीच्या रनमध्ये हिरव्या बाटलीने जखमा भरल्या होत्या, म्हणून घटाघट प्यालो. पण ज्याच्यावरून या प्रकाराला नाव पडलं त्या 1980 च्या ‘रोग’ (Rogue) या गेमने सुरू केलेली खोडी इथेही आहे: दर रनला औषधांचे रंग बदलतात. या वेळी हिरवी म्हणजे झोप. स्वतःवरच चरफडलो आणि लगेच नवा रन टाकला. रोगलाइकने हेच तर करायला लावायचं असतं!

खरं दुखणं वेगळंच आहे. या प्रकारात मेलं की सगळं गेलं, म्हणून तर माणूस पाऊल जपून टाकतो. इथे हरलं की अठरा-प्लस दृश्य बघायला मिळतं. हरण्यालाच बक्षीस! सुरुवातीला मी बॉससमोर, म्हणजे सगळ्यात तगड्या शत्रूसमोर, तलवार म्यान करून नुसता उभा राहायचो. पुढे तीच दृश्यं शिक्षा झाली, कारण स्किपचं बटण दहा सेकंदांनी उगवतं. तीनशे रनचा हिशेब करा, पाऊण तासाच्या वर जातो. त्यापेक्षा मजल्यांमधल्या सरायीत पात्रांशी ओळख वाढवून दृश्यं उघडायला हवी होती. संवाद तसेही बरे लिहिलेत, पण वाचतो कोण?

विंडो बदलली तरी गेम थांबत नाही, आवाजही चालूच राहतो. हेडफोनची पिन निघालेली असताना मला हे कळलं. पुढचं विचारू नका.

मागच्या अपडेटमध्ये सेव्ह फाइल उडाली, बाराव्या मजल्यावरचा रन गेला. आता पुन्हा चौथ्यावर आहे. पिशवीत निळी बाटली आहे, अजून उघडलेली नाही.