शनिवारचे वाचन: मांडवी एक्स्प्रेस की पडवीतला झोपाळा?

रत्नागिरीला घरी जाताना मी मांडवी एक्स्प्रेसमध्ये कथासंग्रह उघडतो आणि जाडजूड कादंबरी पडवीतल्या झोपाळ्यासाठी राखून ठेवतो. गाडीत एखादी कथा दोन स्थानकांमध्ये संपते. परंतु चिपळूणजवळ वाशिष्ठी दिसली की पुस्तक आपोआप मिटते, आणि पुढे सुमारे ६.५ किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात डब्यातला दिवा मिणमिणता असला तर ओळीच निसटतात.

पडवीत मात्र पाऊस कौलांवर वाजत असतो, चहाची वाफ चष्म्यावर धरते आणि झोपाळ्याच्या कड्यांची करकर वाचनाची लय सांभाळते. आषाढातल्या दमट हवेने पाने फुगतात, हे खरे (माझ्या दोन कादंबऱ्या तशा कायमच्या पोक काढून बसल्या आहेत), तरीही कादंबरीसाठी माझे मत झोपाळ्यालाच आहे.