टेफ्लॉन कॉकची ५० मिली ब्युरेट: प्रयोगशाळेत मीठ तयार करायला घ्यावी का?

ब्युरेट म्हणजे मापाच्या खुणा असलेली उभी काचेची नळी, खाली द्रव थेंबथेंब सोडायला कॉक, म्हणजे तोटी. काचेच्या कॉकवालीपेक्षा टेफ्लॉन कॉकची महाग पडते, आणि बॅचभर नग घ्यायचे म्हटलं की फरक चांगलाच जाणवतो. तरीही घ्यावी, ती कॉकसाठीच.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडपासून स्वच्छ पांढरं मीठ हवं असेल तर अनुमापन, म्हणजे एक द्रावण मोजून दुसऱ्यात सोडत नेमकं किती लागतं ते काढणं, दोनदा करावं लागतं. पहिल्यांदा शंकुपात्रात १ मोलर (तीव्रतेचं माप) सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिली, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे, म्हणजे रंग बदलून खूण देणाऱ्या द्रव्याचे, दोन थेंब, आणि गुलाबी रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून १ मोलर आम्ल. दुसऱ्यांदा नव्याने घेतलेल्या २५ मिलीमध्ये दर्शक न टाकता नेमकं तेवढंच आम्ल. या वेळी रंग काहीच सांगत नाही, सगळी भिस्त ब्युरेटवर. काचेचा कॉक अडकत अडकत फिरतो आणि भसकन दोन मिली सोडून देतो. टेफ्लॉनचा सरळ फिरतो, अर्धा थेंबसुद्धा टोकाशी धरून पात्राच्या काचेला टेकवता येतो. व्हॅसलीन लावायचं नाही, त्यामुळे ते जेटमध्ये, म्हणजे खालच्या बारीक टोकात, जाऊन बसण्याची कटकटही नाही.

अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइडसारखं द्रावण) भरून ठेवली तर काचेचा कॉक चिकटून बसतो, हा बसत नाही. मात्र मिठासाठी ब्युरेटमध्ये आम्लच बरं. एखादा थेंब जास्त पडलाच तर ते आटवताना उडून जातं. जास्तीचा सोडियम हायड्रॉक्साइड मिठातच राहतो.

द्रावण पोर्सेलिनच्या बशीत जलऊष्मकावर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर, आटवा. थेट बर्नरवर शेवटी मीठ तडतडून बाहेर उडतं. हिशोबाने १.४६ ग्रॅम मिळायला हवं. वजन जास्त भरलं तर बहुधा ओल राहिली आहे, कमी भरलं तर मीठ उडालं किंवा बशीला चिकटून राहिलं. आम्ल २५ मिलीपेक्षा कमी लागलं तर लगेच ब्युरेटला दोष देऊ नका: सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करता करताच हवेतली ओल शोषतात, म्हणून १ मोलर म्हणून केलेलं द्रावण पातळच निघतं.

आता खोड्या. कॉक अपारदर्शक असल्याने त्याच्या छिद्रातला बुडबुडा दिसत नाही. तो मधेच सुटला की वाचन चुकतं. सुरुवातीला कॉक पूर्ण उघडून थोडं आम्ल जोरात जाऊ द्या, मगच पातळी शून्याच्या खुणेवर आणा आणि भरताना वर लावलेलं नरसाळं काढा. दुसरी खोडी कॉक घट्ट धरणाऱ्या नटची. सैल असला तर गळती, आवळून ठेवला तर टेफ्लॉन हळूहळू दबून आकार सोडतं आणि मग कायमची गळती. ठेवताना नट सैल करून ठेवायचा, हे प्रयोगशाळा परिचरांना आधीच सांगून ठेवा.

खरेदी करताना अचूकतेचा बी वर्ग पुरे, ५० मिलीला त्याची मान्य चूक ±०.१ मिली असते. खुणा नुसत्या छापलेल्या नकोत, धुऊन धुऊन जातात. नट आणि वॉशर सुटे मिळतात का ते विचारा. माल आला की प्रत्येक नगात शून्यापर्यंत पाणी भरून वीस मिनिटं उभा ठेवा. पातळी उतरली तर नट किंचित आवळून पुन्हा पाहा, तरीही उतरली तर तो नग परत.