टॉर्क रेंच, चार सुती म्हणजे अर्धा इंची (40 ते 210 न्यूटन-मीटर): चाकांसाठी उत्तम, ऑइल चेंबरपासून लांब ठेवा

तीन तारे देतोय. एक कापला तो विक्रेत्याच्या जाहिरातीसाठी, आणि एक, खरं सांगायचं तर, माझ्या रागापोटी.

आधी चांगलं सांगतो. पाना दणकट आहे, मुठीवरचे आकडे नीट कोरलेले आहेत. मूठ फिरवून आकडा (न्यूटन-मीटर, म्हणजे पिळाचं माप) लावायचा; तेवढा पीळ बसला की पाना ‘टक’ करतो, तिथे थांबायचं. चाकाचे नट 110 वर लावून आवळले तेव्हा दर वेळी खणखणीत ‘टक’ आली. त्या कामात तक्रार नाही.

बिघडलं ते ऑइल बदलताना. विक्रेत्याने लिहिलंय, ‘इंजिनच्या सर्व कामांसाठी’. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ड्रेन बोल्टला, म्हणजे जुनं ऑइल काढायला इंजिनखालच्या ऑइल चेंबरचा जो बोल्ट उघडतात त्याला, 30 न्यूटन-मीटर सांगितलंय. पान्यावरची सगळ्यात खालची रेघ 40 ची. मी मूठ आणखी सैल फिरवली आणि अंदाजे 30 धरले. (हसा.) खालच्या रेघेच्या पलीकडे आतली स्प्रिंग जवळजवळ मोकळीच असते, मग तो आकडा आपल्या मनातला, पान्याचा नव्हे. ‘टक’ कसली येते! ती येईल म्हणून मी ओढत राहिलो. दांडा जवळपास 45 सेंटिमीटरचा. एवढ्या लांबीवर टोकाला सात किलोचा जोर दिला की 30 होतात. हाताला काही कळतच नाही. बोल्ट आधी घट्ट झाला, आणि मग एकदम लोण्यासारखा फिरला.

चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. आटे कुणाचे जाणार हे वेगळं सांगायला नको. तरी मी मनाची समजूत घालून वरून साडेतीन लिटर नवं ऑइल ओतलं. पाच मिनिटांत खालच्या पुठ्ठ्यावर थेंब, मग धार. नवंकोरं ऑइल जुन्याच घमेल्यात.

गॅरेजवाल्याने बोल्ट बाहेर काढला, त्याच्या आट्यांत गुंडाळलेली चांदीसारखी तार, म्हणजे चेंबरचे उखडलेले आटे, मला दाखवली आणि एवढंच विचारलं, “साहेब, मोठ्या पान्याने आवळलात ना?” त्याने भोक मोठं करून नवे आटे पाडले, त्यात हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेची गुंडाळी, बसवली. आत पडलेला कीस निघावा म्हणून थोडं ऑइल ओतून वाहू दिलं. वायसर नवा घातला. मी मात्र जुनाच परत लावला होता, तेही इथेच कबूल करतो.

म्हणून घेणाऱ्यांनी आधी आपल्या पुस्तिकेतला आकडा बघा, मग पान्याचा सगळ्यात खालचा. ड्रेन बोल्ट आणि स्पार्क प्लगसाठी मी आता 10 ते 60 चा तीन सुती घेतलाय. हा चार सुती डिकीत स्टेपनीशेजारी असतो. काम झाल्यावर मूठ 40 वर आणून ठेवायची, त्याखाली नाही. हे डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलंय, मी ते नंतर वाचलं.