सर्व्हिसेसचं झाड: डॉटनेटचा अंगभूत कंटेनर की ऑटोफॅक?

प्रोग्रॅमचे भाग, म्हणजे सर्व्हिसेस, तयार करून लागतील तिथे पुरवणारा घटक म्हणजे कंटेनर. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये तो अंगभूत असतो, ऑटोफॅक ही त्याऐवजी वापरायची वेगळी लायब्ररी. कळंगुट, पणजी आणि पाळोळे इथे हॉटेलं असलेल्या समूहाचं बुकिंग सॉफ्टवेअर धरा. लॉग लिहिणारी सर्व्हिस सगळ्यांची एकच. दरांची सर्व्हिस हॉटेलागणिक वेगळी, कारण डिसेंबरात कळंगुटचे दर पणजीला लावून चालत नाही. डेटाबेस सेशन दर रिक्वेस्टला नवं. थर तीन झाले, आणि निवड ठरते ती मधल्या थरावर.

अंगभूत कंटेनरला तो थर ठाऊकच नाही. मूळ आणि त्याखाली स्कोप (वस्तू जितका काळ जगते ती हद्द, जसं एक रिक्वेस्ट), एवढंच. स्कोपमधून पुन्हा क्रिएटस्कोप केलं तरी नवा स्कोप मुळालाच जोडला जातो, आधीच्या स्कोपमधली वस्तू त्यात मिळत नाही. मात्र डेव्हलपमेंट एन्व्हायर्न्मेंटमध्ये सिंगलटनने (अ‍ॅपभर एकच असलेल्या सर्व्हिसने) स्कोप्ड, म्हणजे स्कोपपुरती जगणारी, सर्व्हिस मागितली की तो तिथल्या तिथे एक्सेप्शन (एरर) देतो, ही फार मोलाची गोष्ट. डॉटनेट ८ पासून कीड (keyed) सर्व्हिसेसही आहेत, म्हणजे ओळखीची की लावून नोंदवलेल्या. हॉटेलं मोजकी असतील तर प्रत्येकाची दरांची सर्व्हिस वेगळ्या कीवर नोंदवून भागतं. नोंदणी अ‍ॅप सुरू होतानाच होते, त्यामुळे नवं हॉटेल आलं की रीस्टार्ट आलाच.

ऑटोफॅकमध्ये स्कोप खरोखर एकाखाली एक बसतात. नवा स्कोप उघडणाऱ्या बिगिनलाइफटाइमस्कोपला ‘हॉटेल’ हा टॅग द्यायचा आणि दरांची सर्व्हिस इन्स्टन्सपरमॅचिंगलाइफटाइमस्कोप वापरून त्याच टॅगवर नोंदवायची. खालून मागणी आली की कंटेनर एकेक थर वर चढत टॅग शोधतो. मुळापर्यंत सापडला नाही तर एक्सेप्शन. इथे बरेच जण चुकून इन्स्टन्सपरलाइफटाइमस्कोप लिहितात. मग खालच्या प्रत्येक स्कोपला नवी प्रत मिळते आणि दरांचा कॅशे (हाताशी साठवलेले दर) प्रत्येक रिक्वेस्टला रिकामा होतो. एरर येत नाही, अ‍ॅप नुसतं मंदावतं, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

वेब अ‍ॅपमध्ये आणखी एक अडचण. रिक्वेस्टचा स्कोप एरवी मुळापासून निघतो, तुम्ही उघडलेल्या हॉटेल-स्कोपखाली तो आपोआप जात नाही. त्यासाठी ऑटोफॅकचं मल्टिटेनंट पॅकेज (एकाच अ‍ॅपमधले अनेक टेनंट, इथे हॉटेलं, वेगळे ठेवणारं) घ्यावं आणि दरांची सर्व्हिस इन्स्टन्सपरटेनंट म्हणून नोंदवावी. सबडोमेनवरून हॉटेल ओळखणारा क्लास तुम्हीच लिहायचा. स्कोप हाताने उघडत असाल तर ध्यानात ठेवा, वरचा डिस्पोज (बंद) केला म्हणून खालचे होत नाहीत. ज्याने उघडला त्याने बंद करावा. अंगभूत कंटेनरची ती स्कोप-तपासणीही इथे राहत नाही. सिंगलटनने इन्स्टन्सपरलाइफटाइमस्कोपवाली सर्व्हिस मागितली तर मुळातली प्रत गुपचूप मिळते आणि अ‍ॅप संपेपर्यंत अडकून राहते.

हॉटेलांमध्ये फक्त दरांचे आकडे वेगळे असतील तर स्कोपचं झाड वाढवूच नका. हॉटेलचा आयडी पॅरामीटर म्हणून द्या, आकडे टेबलमधून वाचा, अंगभूत कंटेनर पुरे. प्रत्येक हॉटेलचा डेटाबेस किंवा पेमेंट गेटवे स्वतंत्र असेल आणि हॉटेलं अ‍ॅप चालू असतानाच वाढणार असतील, तरच ऑटोफॅकचा खटाटोप सार्थकी लागतो. तो घेतलात तर पहिली टेस्ट हीच लिहा: एका हॉटेलच्या दोन रिक्वेस्टना दरांची तीच वस्तू मिळावी, दुसऱ्या हॉटेलला वेगळी.