एक्स-रे जनरेटरसाठी एलएलसी की एलसीसी?

एलएलसी आणि एलसीसी या रेझोनंट पॉवर कन्व्हर्टरच्या दोन रचना (एल म्हणजे इंडक्टर, सी म्हणजे कपॅसिटर). एक्स-रे ट्यूबला साधारण 40 ते 150 किलोव्होल्ट लागतात. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला (आउटपुटकडच्या गुंडाळीला) ढीगभर वेढे आले आणि त्यांच्यासोबत नकोशी कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता). प्रायमरीकडून (इनपुटकडच्या गुंडाळीकडून) पाहिलं तर ती वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने फुगते: गुणोत्तर 100 असेल, तर 100 पिकोफॅरडचे थेट 1 मायक्रोफॅरड होतात!

एलएलसीचं घोडं इथेच अडतं. ही कपॅसिटन्स तिच्या मूळ गणितात नसतेच. आकार लहान करायला फ्रिक्वेन्सी वाढवावी, तर त्रास आणखी वाढतो. एलसीसीत मात्र तीच कपॅसिटन्स समांतर कपॅसिटर म्हणून कामाला लागते आणि ट्रान्सफॉर्मरची लीकेज इंडक्टन्स (दोन गुंडाळ्यांतली चुंबकीय जोड अपुरी असल्याने येणारी) सिरीज इंडक्टरचं काम करते. सुटे भाग कमी, डबा लहान. मला हे मनापासून आवडतं.

किंमत मोजावी लागतेच. ट्यूबचा प्रवाह फार बदलतो: फ्लुरोस्कोपीत (सलग चालणाऱ्या एक्स-रे चित्रणात) मोजके मिलिअँपिअर, साध्या एक्स-रेत काहीशे. हलक्या भारावरही एलसीसीच्या टँकमधला (इंडक्टर-कपॅसिटरच्या रेझोनंट जोडणीतला) प्रवाह फारसा उतरत नाही, स्विच तापतात.

डिटेक्टरच्या स्थिर 24 व्होल्टसाठी एलएलसीच उत्तम. ट्यूबसाठी मी एलसीसी घेईन. फक्त ट्रान्सफॉर्मरची कपॅसिटन्स तो तेलात बुडवूनच मोजा. हवेत आकडा कमी येतो आणि सगळं ट्यूनिंग चुकतं.